हरण्याचं दावं

सटवाचा खांदा निखळला होता, बरगड्यांना मुका मार बसला होता, पण हाताचे अंगठे दोन्ही धडधाकट होते. आणि छबुबाईनं पट्ट्या बांधल्या त्या नेमक्या अंगठ्यांना. हळद-चुना थापला, वर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली आणि एकेक अंगठा वांग्याएवढा करून ठेवला.

"छबे, मार खांद्याला हाय," सटवा म्हणाला.

"मला ठावं हाय मार कुठं हाय त्ये. तुमी गप बसा."

बाई येडी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. ठाण्याचे अमीन आप्पाराव एक कागद घेऊन वाडीकडं निघालेत आणि त्या कागदावर सटवाचा अंगठा उठवणार आहेत, ही खबर तिला घटकाभर आधी लागली होती. सटवा म्हणजे निव्वळ देवमाणूस. अमीनानं नुसते डोळे वटारले असते, तरी त्यानं अंगठाच काय, पायाची बोटंसुद्धा शाईत बुडवली असती. म्हणून नवऱ्याच्या अंगठ्यांची बायकोनं आधीच तजवीज करून ठेवली.

झालं होतं असं. दोन दिवसांआधी झुंजुमुंजू व्हायच्या सुमाराला सटवा सीताफळांची गाडी जुंपून चौसाळ्याच्या बाजाराला निघाला. सडकेला लागून मैलभर गेला असेल-नसेल, तोच मागून मोटार आली. बाजूला घ्यायलाही सवड मिळाली नाही. उजवं चाक आणि उजवा बैल हरण्या यांना मोटारीनं असं काही उडवलं, की गाडी उताणी झाली, सटवा खड्ड्यात गेला आणि सडकभर सीताफळांचा चिखल झाला. मोटार पुढं जाऊन थांबली. सटवाला वाटलं, आता कोणीतरी उतरून येईल. दार उघडल्याचा आवाजही आला. मग दार परत लागलं आणि मोटार धुरळा उडवत निघून गेली. सटवा तसाच एका हातानं सरपटत हरण्यापाशी गेला. दिवस उगवेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि दिवस उगवता उगवता हरण्यानं मान टाकली. डावीकडचा गुलब्या जुवाला अडकलेला तसाच उभा होता.

मोटार कोणाची? सटवाला धुरळ्यात काही दिसलं नव्हतं. पण अहो, त्या काळी पाच कोसांत मोटारी होत्या दोन. एक उतारूंची, ती दुपारी यायची. दुसरी सुंदरराव देशमुखांची निळी. त्याच दिवशी सकाळी देशमुखांच्या चौकात निळ्या मोटारीवर ताडपत्री पडली आणि ताडपत्रीखालून फुटलेला डावा दिवा ज्याला बघायचा त्यानं बघितला. गावाला सगळं ठाऊक होतं. पण गावाला ठाऊक असणं आणि गावानं बोलणं यात बीडापासून हैदराबादेएवढं अंतर असतं.

बरं, देशमुख नुसते गप बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मोटारीचा होता विमा. मुंबईची कुठली तरी कंपनी. तिच्या कागदात लिहिलेलं, की अनोळखी वाहन येऊन ठोकरून पळालं, तर दिवसाच्या आत ठाण्यात वर्दी द्यायची, मग मोडतोड कंपनी भरून देणार. देशमुखांनी दुपारच्या आत वर्दी दिली. म्हणे माझी मोटार सडकेच्या कडेला उभी होती, समोरून एक बैलगाडी भरधाव आली, दिवा फोडला आणि पळून गेली. अनोळखी गाडी! तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण अमीन आप्पारावांना देशमुखांची मर्जी राखायची होती. त्यांनी अनोळखी गाडी ओळखून काढली. कोणाची गाडी मोडली? सटवाची. कोणाचा बैल मेला? सटवाचा. झालं, बसला सगळा मेळ. ज्याला ठोकरलं तोच ठोकरणारा, आणि जो मेल्या बैलापाशी बसून रडला तोच पळालेला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

अमीनाचा घोडा दारात थांबला. आप्पारावांनी ओसरीच्या कडेला बूड टेकलं आणि कागद उलगडला.

"सटवा, इथं अंगठा दे आन् सुट. नुसती कबुली हाय, फाशी न्हाई."

"काय लिवलंय त्ये वाचा तरी," छबुबाई दाराच्या चौकटीतून म्हणाली.

आप्पारावांनी तिच्याकडं न बघता वाचलं, "मी सटवा वल्द धोंडीराम, गाडी बेफाम हाकून रावसाहेबांच्या उभ्या मोटारीस धडक दिली व भीतीपोटी पळून गेलो."

"पळून गेला? खांदा निखळलेला, बैल मेलेला, चाक फुटलेलं, आन् पळाला? कोन्च्या पायानं पळाला, त्ये बी लिवलं असंल की!"

"ए बाई, मधी तोंड घालू नको. आण रे अंगठा."

सटवानं सवयीनं हात पुढं केला. आप्पाराव त्या वांग्याकडं बघतच राहिले.

"हे काय?"

"ठेचलाय," छबुबाई म्हणाली.

"दुसरा दे."

"त्यो बी ठेचलाय. नशीबच फुटकं, अमीनसायेब. काय करावं?"

आप्पारावांना हसूही येईना आणि रागही गिळवेना. त्यांनी कागदाची घडी घातली आणि बोट रोखून सांगितलं, "सोमवारी विम्याचा साहेब येणार हाय. तवर ह्या चिंध्या निघाल्या पायजेत. न्हाई निघाल्या, तर ह्याला ठाण्यात बसवीन आन् तुझा उरला बैल बी दावणीतून सोडून नेईन."

घोडा गेला, तसा सटवा हळूच म्हणाला, "देऊन टाकू अंगठा. देशमुखाशी वैर धरून वाडीत ऱ्हायचं कसं?"

"अंगठा दिला का जल्मभर पळपुटा म्हनत्याल. हरण्याला तडफडत सडकंवर टाकून पळाला म्हनत्याल. पोरीच्या सासरी बी म्हनत्याल. तुमी पळालता का?"

सटवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई गं. म्या कशाला पळतो? त्याचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं."

"मंग संपलं. त्या चिंध्या सोडायच्या न्हाईत."

बोलली खरी, पण पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. सोमवार तीन दिवसांवर होता. देशमुखाच्या तोंडावर तोंड देणारा साक्षीदार तिच्याकडं एकही नव्हता. रात्रभर ती कूस बदलत राहिली आणि गोठ्यातला गुलब्याही उभाच राहिला. रिकाम्या दावणीकडं बघून तो वैरणीला तोंड लावत नव्हता.

साक्षीदार आला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, आपल्या पायानं चालत, आणि तोही देशमुखांच्याच घरून. वच्छलाबाई नावाची म्हातारी देशमुखांच्या आईसाहेबांच्या हाताखाली होती. ती मागच्या दारानं आली. डोईवर पाटी आणि पाटीत दोन पायल्या ज्वारी.

"छबू, तुझ्या मेल्या बैलाचं दावं हाय का गं?"

छबुबाई भांडी घासत होती. तिचा हात थांबला. "हाय की. कावून?"

"आमची म्हस दावं तोडती. म्हनलं नवं वळायला कवा सवड मिळायची. तुझं पडूनच आसंल."

आता हे ऐकून कोणाच्याही लक्षात आलं असतं. मेल्या जनावराचं दावं जित्या जनावराला कोणी बांधत नाही. वाडीतलं पोरगंही हे जाणतं. आणि देशमुखाच्या घरी अंबाडीचा काय दुष्काळ होता, की एका दाव्यापायी दोन पायल्या ज्वारी मोजावी? मेल्या जनावराचं दावं लागतं ते एकाच कामाला. ज्याच्या हातून गाय-बैल मरतो, त्यानं त्याच जनावराचं दावं आपल्या गळ्यात घालायचं. अकरा दिवस काढायचं नाही. अकराव्या दिवशी झोळी घेऊन पाच घरं मागायची, तोंडानं माणसासारखं बोलायचं नाही, जनावरासारखं हंबरायचं. मग गंगेत बुडी मारून दावं सोडून द्यायचं. त्याशिवाय ते पाप फिटत नाही म्हणतात. दावं दुसरं चालत नाही. ज्याला मारलं त्याचंच लागतं.

छबुबाई गोठ्यात गेली. दावं खुंटीला होतं. पोळ्यालाच सटवानं ते नवं वळलं होतं, तीन पेडांचं, आणि तिसऱ्या पेडात तिनं आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा तांबडा काठ गुंफायला दिला होता. हरण्या तांबड्या रंगाचा, त्याला शोभून दिसायचा. दावं हातात घेतलं आणि तिला भडभडून आलं. मोठ्यानं रडावंसं वाटलं. मग दुसऱ्याच क्षणी इतका राग आला, की रडू जागच्या जागी सुकून गेलं. रांडलेका सुंदरराव, देवाला भितोस होय रं! मग माणसाला का नाही भीत?

"ने बाई," ती बाहेर येऊन म्हणाली. "ज्वारी मातर परत ने. दावं इकत नसत्यात."

वच्छलाबाईनं तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही. पदराखाली दावं घेतलं आणि आली तशी मागच्या दारानं गेली. सटवा ओसरीवरून विचारत होता, कोण आलं होतं म्हणून. छबुबाईनं सांगितलं नाही. सटवाच्या पोटात गोष्ट राहत नसे.

सोमवारी विम्याचा साहेब आला. नाव वागळे, सोलापूरकडचा. चष्मा, हातात वही आणि खिशात मोजायची फीत. देशमुखांकडं चहाला बोलावलं होतं, पण हा गृहस्थ आधी सटवाच्या दारात आला आणि मोडक्या गाडीभोवती बसून, वाकून, आडवा होऊन बघत राहिला. वहीत काहीबाही लिहीत राहिला.

"जू शाबूत आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "चाकाचे आरे मागून फुटलेत."

"मागूनच ठोकरलंय, सायेब," छबुबाई म्हणाली. "म्होरून धडक दिली आस्ती तर आधी जू मोडलं आस्तं."

वागळ्यांनी वर बघितलं. "तुम्हाला कळतं की, बाई."

"गाडी माजी हाय. मला न्हाई कळनार तर कुनाला? आता तुमी मला येक सांगा. हा इमा म्हंजी काय?"

साहेब चिडला नाही. धोतराचा सोगा सावरून ओट्यावर बसला. "पुष्कळ मोटारवाले मिळून थोडं थोडं घालतात. ज्याची मोडते त्याला त्यातून भरून मिळतं. मोटारवाल्याची चूक नसेल तरी मिळतं, असेल तरी मिळतं. अट एकच. खरं सांगायचं."

"आन् मोटारीनं दुसऱ्याचा बैल मारला तर?"

"या देशमुखांनी घेतलाय त्या विम्यात तेही येतं. मालकानं कबूल केलं, की कंपनी बैलाचंही भरते."

"आन् ठोकरून पळून गेला तर?"

वागळ्यांनी वही मिटली. "मोटार कोणाची तेच ठरलं नाही, तर बैलवाल्याला कोण देणार? कोणीच नाही."

"म्हंजी थांबनाऱ्याचं बी भागतं, आन् पळनाऱ्याचं बी भागतं. मरायचं ते आमी."

"पळणारा सापडत नाही तोवर, बाई. आणि इथं तर तुमचा नवराच पळाला, असा कागद आहे. तो कागद अंगठ्यानिशी आला, तर कंपनी देशमुखांचं भरून देईल आणि मग वसुलीला तुमच्या घरावर येईल. चाकाला जीभ नाही. देशमुख म्हणतील, आरे खड्ड्यात पडून फुटले. मला माणसाचं तोंड पाहिजे."

"दिते," छबुबाई म्हणाली. "चावडीत चला."

चावडीत गाव जमलं होतं. अमीन आप्पाराव बाजेवर, वागळे साहेब खुर्चीवर आणि सुंदरराव देशमुख गादीवर. आश्विनातलं ऊन मी म्हणत होतं. गडी उघड्या अंगानं बसले होते, साहेबाच्या कपाळावरून घाम ठिबकत होता. आणि सुंदररावांनी काळी शेरवानी घातलेली, गळ्यापर्यंत एकूण एक बटन लावलेली. एक गडी पंख्यानं वारा घालत होता तरी मानेवरून घाम ओघळत होता. सटवाला खाली बसवलं होतं. अमीनानं त्याच्या अंगठ्यांची वांगी बघितली आणि दात-ओठ खाल्ले.

वागळ्यांनी वही उघडली. "रावसाहेब, मोटार उभी होती?"

"उभी होती."

"गाडी समोरून आली?"

"समोरून."

"आणि पळून गेली?"

सुंदररावांचा हात गळ्याकडं गेला, परत मांडीवर आला. "वर्दीत सगळं लिहिलंय. तेच धरा."

"सायेब," छबुबाई खांबाआडून पुढं आली. पदर खोचलेला. "तुमच्या वहीत माजा येक सवाल घाला. रावसायबांना उकडत कावून न्हाई?"

चावडीत खसखस पिकली. आप्पाराव ओरडले, "ए बाई! बायामाणसांचं हितं काम न्हाई. हो बाजूला."

"बैल माजा मेला, नवरा माजा मोडला. मंग काम कुनाचं, तुमच्या घोड्याचं? मी म्हनते, मालकांनी गळ्याची दोन बटनं खोलावीत. यवडंच."

"कशापायी?" सुंदरराव म्हणाले. आवाज चढा होता, पण हात गळ्यावर गेला तो तिथंच राहिला.

वागळ्यांनी चष्म्यातून त्या हाताकडं बघितलं. मग शांतपणे आपल्या कोटाचं बटन काढलं. "खरंच उकडतंय, रावसाहेब. मोकळे बसा. यात हरकत कसली?"

सुंदररावांनी वरचं बटन मुठीत धरलं.

"ऱ्हाऊ द्या," छबुबाई म्हणाली. "मालक न्हाई खोलत, तर मीच सांगते आत काय हाय त्ये. अंबाडीचं दावं हाय. तीन पेडाचं. तिसऱ्या पेडात माज्या इरकली लुगड्याचा तांबडा काठ हाय. माज्या घरून शनिवारी दुपारी गेलंय. हरण्याचं दावं हाय त्ये. आन् मेल्या बैलाचं दावं कुनाच्या गळ्यात येतं, हे ह्या चावडीत शेंबड्या पोराला इचारा."

पंखा हलायचा थांबला. गावातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं नाही. सगळ्यांनी त्या शेरवानीच्या गळ्याकडंच बघितलं.

"खोटं हाय," आप्पाराव म्हणाले, पण तेही बघत होते.

"खोटं आसंल तर लई सोपं हाय. बटनं बी खोलू नगा, मालक. वरूनच त्या दाव्याला हात लावा आन् सायबाला सांगा, का सटवा ठोकरून पळाला. मी आत्ता नवऱ्याचं अंगठं मोकळं करते आन् कागद तुमच्या हातात दिते. गुलब्या बी घिऊन जा. बोला!"

सुंदररावांनी हात गळ्यावरून झटकन खाली घेतला. दाव्याला हात लावून खोटं बोललं तर वंश बुडतो, असं आईसाहेबांनी त्यांना दावं बांधताना बजावलं होतं. घरात तीन मुली आणि एकच मुलगा. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला तरी त्यांनी पुसला नाही.

"देवाम्होरं कबूल आन् अमीनाम्होरं नाकबूल! आसं कसं चालंल, मालक? देव काय येगळा कागद ठिवतो व्हय?"

"मोटार माझीच होती," सुंदरराव म्हणाले. इतकं हळू, की मागच्यांनी एकमेकांना विचारलं. मग ते जरा मोठ्यानं म्हणाले, "मीच हाकत होतो. बाजूला घ्यायला गेलो, अंदाज चुकला. मी थांबलो होतो. देवाशपथ, मी दार उघडलं होतं."

"मंग?"

"बैल तडफडताना दिसला. माझ्या हातून बैल मेला, हेच डोक्यात बसलं. दार ओढलं आणि निघालो."

छबुबाई एक पाऊल पुढं आली. आता तिचा आवाज खाली उतरला होता.

"बैल दिसला. खड्ड्यात पडल्याला मानूस न्हाई दिसला? बैलासाठी तुमी दावं घातलं. ह्या मानसासाठी काय घातलं, मालक? येक खोटा कागद?"

सुंदररावांनी मान खाली घातली आणि त्यांच्या हाताला आपसूक बटन सापडलं. एक निघालं, दुसरं निघालं. गळ्याशी घामानं काळी पडलेली अंबाडी दिसली आणि तिच्यात तांबडा काठ. सटवानं तो बघितला आणि चिंध्यांच्या दोन वांग्यांत तोंड लपवून पोरासारखा रडला. आपल्या हातानं वळलेलं दावं होतं त्याचं.

वागळे बराच वेळ लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी टोपण लावलं. "रावसाहेब, आपण त्या दिवशी खाली उतरला असता आणि ठाण्यात जे झालं तेच सांगितलं असतं, तर कंपनीनं तुमचा दिवा भरून दिला असता आणि यांचा बैलही. दोन्ही. आता मोटारीचा एक छदाम मिळायचा नाही. खोट्या वर्दीवर विमा मरतो. बैलाचं, गाडीचं आणि या माणसाच्या औषधपाण्याचं तुम्हाला पदरचं द्यावं लागेल."

"देईन," सुंदरराव म्हणाले.

आप्पाराव तो कबुलीचा कागद फाडायला निघाले. छबुबाईनं त्यांच्यापुढं हात आडवा केला.

"फाडू नगा. फाडला तर उद्या म्हनाल, कागदच नव्हता. आडवी रेघ मारा, आन् खाली खरं लिवा. सटवा वल्द धोंडीराम पळाला न्हाई. जागंवर व्हता. लिवा."

अमीनांनी साहेबाकडं बघितलं. साहेब वही मिटून त्यांच्याकडंच बघत होता. आप्पारावांनी रेघ मारली आणि खाली लिहिलं. मग छबुबाई नवऱ्याजवळ बसली, चिंध्या सोडल्या, हळद पुसली. सटवाचा अंगठा शाईत बुडाला आणि कागदावर स्वच्छ उमटला.

"बरं झालं वाटतं ठेचलेलं," आप्पाराव चडफडले.

"आत्ताच बरं झालं बघा," छबुबाई म्हणाली.

लोक उठायला लागले. पंच बैलाचं ठरवू म्हणाले, सुंदरराव हो म्हणाले. त्यांनी बटनं परत लावायला घेतली, तशी छबुबाई म्हणाली, "मालक, अकरावा दिस कवा?"

"पु... पुढच्या मंगळवारी," ते चाचरले.

"आन् पाच घरं कुठं मागनार?"

"आईसाहेब म्हणतात, उमापुराकडं जावं. गंगाही तिकडंच जवळ आहे."

"उमापुराला कावून? तिथं तुमाला कुनी वळखत न्हाई म्हनून? बैल हितं मेला, मालक. पाच घरं हितंच हायती. पैलं माजं. आन् येताना दावं शेरवानीच्या वरून घाला."

सुंदरराव बटनं लावून निघून गेले. वाडीत पुढं आठ दिवस पैजा लागल्या होत्या. येतो म्हणणारे थोडे, येत नाही म्हणणारे फार. सटवा म्हणत होता, "जाऊ दे गं, लई ताणू नगं. मानूस वाकला, झालं की." आणि छबुबाई म्हणत होती, "वाकला न्हाई. सापडलाय. वाकला का न्हाई, त्ये मंगळवारी कळंल."

मंगळवारी सकाळी ती दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसली. सुपात ज्वारी होती. सटवा ओसरीवर, हात झोळीत बांधलेला. दिवस कासराभर वर आला आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं गप झाली. सुंदरराव येत होते. अनवाणी. काळी शेरवानी, आणि तिच्यावर गळ्यात हरण्याचं दावं, सगळ्या गावाला दिसेल असं. खांद्याला झोळी. चार पावलं मागं काठी टेकत त्यांची आई गीताबाई येत होती. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण लेकाला ती मागं वळू देणार नाही, हे तिच्या चालीवरून कळत होतं.

सुंदरराव सटवाच्या ओसरीशी आले. बोलायचं तर नसतंच. ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी कपाळ टेकवलं ते सटवाच्या पायावर. हे काही रीतीत नव्हतं. हे त्यांनी पदरचं घातलं होतं. सटवा गडबडून पाय मागं घ्यायला लागला.

"घिऊ नगा मागं," छबुबाई म्हणाली.

मग ते उठून तिच्यापुढं उभे राहिले आणि झोळी पसरली. छबुबाईनं सूप उचललं. पण ओतलं नाही.

"रीत पुरी करा, मालक. हंबरा. माज्या हरण्याला तर नीट हंबराया बी मिळालं न्हाई."

सुंदररावांनी डोळे मिटले. पहिला आवाज घशातच अडकला. दुसऱ्यांदा ते हंबरले, मोठ्यानं, अगदी पोटातून. गल्लीत कोणी हसलं नाही. आणि बारा-तेरा दिवस वैरणीला धड तोंड न लावता मुका उभा असलेला गुलब्या गोठ्यातून मान वर करून हंबरला.

छबुबाईनं सूप झोळीत रिकामं केलं. "जावा आता," ती म्हणाली. "अजून चार घरं हायती."